डॉर्सेट बटणं आणि जुन्या गुंड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात, पूल या गावी राहत होते. शेजारच्या एका वयस्कर बाईंनी एका पावसाळी दुपारी मला पितळी कडी आणि धागा हातात दिला, तेव्हापासून ही बटणं माझ्यामागे लागली आहेत. आता पुण्यात रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जणं माझ्या घरी जमतो आणि बटणं करतो. तिथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

डॉर्सेट बटण म्हणजे नेमकं काय?

धातूच्या कडीवर किंवा शिंगाच्या चकतीवर सुई-धाग्याने विणून केलेलं बटण. साचा नाही, यंत्र नाही, गोंद नाही. सगळ्यात ओळखीचा नमुना म्हणजे क्रॉसव्हील. तो हातात घेतलात तर बैलगाडीचं चाकच आठवेल: बाहेर कडी म्हणजे चाकाची धाव, आत आरे, मधोमध तुंबा. आम्ही शिकवताना हेच शब्द वापरतो, कारण ते ऐकल्याबरोबर डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं. इंग्रजी नावं नंतर आपोआप तोंडात बसतात.

याशिवाय बर्ड्स आय म्हणजे पक्ष्याच्या डोळ्याएवढं बारीक बटण, कडीवर कापड ताणून शिवलेलं सिंगलटन, पोळ्यासारखी वीण असलेलं हनीकोंब, टोपलीच्या विणीचं बास्केटवीव्ह असे बरेच प्रकार आहेत. सर्वांत जुनं हाय टॉप. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

ही कला कधीची?

अब्राहम केस नावाच्या माणसाने 1622 च्या सुमारास शाफ्ट्सबरी या डॉर्सेटमधल्या गावात बटणांचा धंदा मांडला. तो आधी सैन्यात होता आणि युरोपात त्याने कापड-धाग्याची बटणं पाहिली होती, असं सांगतात. डोंगरावरचं ते गाव, आजूबाजूला मेंढ्या आणि हाताशी काम नसलेल्या बायका. या तीन गोष्टींवर धंदा उभा राहिला.

सुरुवातीची बटणं हाय टॉप आणि नॉब. डॉर्सेट हॉर्न जातीच्या मेंढ्याच्या शिंगाची पातळ चकती घ्यायची, तिच्यावर जवसाच्या धाग्याचं म्हणजे लिननचं कापड मढवून मध्यभागी शंकूसारखा उंचवटा करायचा आणि वरून बारीक धाग्याने जाळी विणायची. 1649 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स शिरच्छेदासाठी गेला तेव्हा त्याच्या जाकिटाला ही बटणं होती, अशी आख्यायिका त्या भागात सगळे सांगतात. मी ती आख्यायिका म्हणूनच सांगते. डॉर्सेट नॉब नावाचं कडक, गोल बिस्किट मात्र आजही मिळतं आणि त्याचं नाव या बटणावरूनच पडलं.

तारेच्या कड्या केव्हा आल्या? त्या कोण करायचं?

अठराव्या शतकात. शिंगाची चकती कापणं वेळखाऊ होतं, म्हणून तारेची कडी आली. या कड्या लहान मुलं करत. तार सळईवर गुंडाळणारी मुलं ती वाइंडर, कडीची टोकं वितळलेल्या धातूत बुडवून जोडणारी ती डिपर आणि तयार कड्या 144 च्या हिशोबाने दोऱ्यात ओवणारी ती स्ट्रिंगर. 144 म्हणजे एक ग्रोस, बारा डझन. बटणांचा सगळा व्यवहार ग्रोसमध्ये चाले.

हे मी रविवारच्या बैठकीत आवर्जून सांगते. छंद म्हणून आपण एक कडी मढवतो आणि कौतुकाने बघत बसतो, पण हे बटण सात-आठ वर्षांच्या मुलांच्या हातून सुरू होत असे. बायका घरी, दाराशी उजेडात बसून विणत. शेतातल्या मजुरीपेक्षा यात बरे पैसे सुटत, शिवाय चिखलात उभं राहावं लागत नसे आणि चूल-मूल सांभाळून काम होई. तयार बटणं दलालाकडे नेऊन द्यायची. ती प्रतीनुसार रंगीत पुठ्ठ्यांवर शिवली जात. गुलाबी पुठ्ठा सगळ्यात चांगल्या मालाचा, तो परदेशी जायचा.

मग ही कला संपली कशी?

फार झपाट्याने संपली. 1840 च्या दशकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत धातूच्या कडीवर कापड दाबून यंत्राने बटणं निघू लागली. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात बटण करणारं यंत्र सगळ्या जगाने पाहिलं. त्यानंतर डॉर्सेटच्या खेड्यांत घरोघरी चालणारं काम थोड्याच वर्षांत बंद पडलं. ज्या घरांत आई, मुलगी आणि आजी तिघी याच कामावर होत्या, त्या घरांत खायला उरलं नाही. कित्येक कुटुंबं कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेकडे जहाजाने निघून गेली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिचेट मिन्स्टर या गावी लेडी फ्लॉरेन्स लीस यांनी म्हाताऱ्या कारागीर बायकांना शोधून ही कला पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला. 1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि तोही थांबला. आज जे टाके आपल्याला माहीत आहेत, ते त्या बायकांनी आपल्या लेकी-सुनांना शिकवून ठेवले म्हणून, आणि संग्रहालयांत जुनी बटणं शिल्लक आहेत म्हणून. शाफ्ट्सबरीच्या गोल्ड हिल म्युझियममध्ये ती पाहायला मिळतात. कुणी इंग्लंडला जाणार असाल तर एक दिवस त्या गावासाठी काढा. गोल्ड हिलचा उतार चढून दम लागतो, पण काचेमागचे टाके पाहताना त्या दमाचं काही वाटत नाही.

साहित्य काय लागतं आणि इथे मिळतं का?

मिळतं. कडी, धागा, बोथट टोकाची सुई आणि कात्री एवढंच लागतं.

कडी सलग हवी. किल्ल्यांच्या जुडग्याची कडी घेऊ नका. तिच्यात फट असते आणि धागा नेमका त्या फटीत शिरतो. पडद्याच्या सामानाच्या दुकानात बारीक पितळी कड्या मिळाल्या तर त्या उत्तम. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत शोधलं तर सापडतात, पण माप दर वेळी तेच मिळेल असं नाही. म्हणून मी तांबट आळीतल्या एका कारागिराकडून दीड मिलिमीटर तारेच्या झाळलेल्या कड्या करून घेतल्या. त्यांनी आधी विचारलं, ‘ताई, एवढ्या लहान कड्यांचं करणार काय?’ मी पर्समधलं बटण काढून दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि दुसऱ्या खेपेला सांध्यावरचा उंचवटा आपणहून कानशीने घासून दिला. आता त्यांच्या कड्यांना सांधा कुठे आहे ते बोटालाही लागत नाही.

शिकताना प्लॅस्टिकची कडीही चालेल. फक्त ती हलकी असते आणि हातात फिरते.

धागा म्हणून परले कॉटन, म्हणजे भरतकामाचा पिळाचा सुती धागा, 8 नंबर घ्या. क्रोशाचा 20 नंबरचा धागाही छान बसतो. शिलाईचा धागा फार बारीक पडतो आणि लोकर फार फुगते. जुन्या पद्धतीने करायचं असेल तर लिननचा धागा, मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढून. मेण लावलं की धागा गुंतत नाही आणि टाका जागेवर बसतो.

20 मिलिमीटरच्या कडीला साधारण अडीच मीटर धागा लागतो. सगळा एकदम ओवू नका, गाठी पडतील. कडी मढवून झाली की दुसरा तुकडा जोडा.

पहिलं क्रॉसव्हील कसं करायचं?

चार टप्पे आहेत. डॉर्सेटमध्ये त्यांना कास्टिंग, स्लिकिंग, लेइंग आणि राउंडिंग म्हणतात. आमच्याकडे मढवणं, वळवणं, आरे घालणं आणि भरणं.

मढवणं: धाग्याचं टोक कडीला समांतर धरा, म्हणजे ते टाक्यांखाली आपोआप दबेल. आता कडीवर काजाचे टाके घालत जा. सुई कडीच्या आतून खाली, मग धाग्याच्या फाशातून बाहेर, आणि ओढायचं. शर्टाचं काज हाताने केलेल्यांना हे सांगायलाच लागत नाही, त्यांचा हात आपोआप चालतो. टाके एकाला एक चिकटून हवेत, पण एकावर एक चढायला नकोत. दर दहा टाक्यांनी अंगठ्याच्या नखाने ते मागे सारा. 20 मिलिमीटरच्या कडीवर ऐंशीच्या आसपास टाके बसतात. साठावर कडी भरली असं वाटलं तर तुमचे टाके सैल आहेत.

वळवणं: मढवताना टाक्यांच्या गाठींची एक रांग कडीच्या बाहेरच्या काठावर तयार होते. ती रांग अंगठ्याने आत, मध्यभागाकडे फिरवायची. संपूर्ण कडीभर. हा टप्पा दहा-पंधरा सेकंदांचा आहे, पण बटणाला गुळगुळीत काठ त्यानेच येतो, आणि पुढे भरण करताना त्या आत वळलेल्या गाठींना धागा अडकवता येतो. घाईत हा टप्पा विसरणारे खूप आहेत.

आरे घालणं: धागा बारा वाजल्याच्या जागेवरून सहाच्या जागेपर्यंत समोरून आणा, मागून वर न्या, जरासं सरकवून पुन्हा खाली. असे सहा वेढे झाले की बारा आरे दिसतील. ते समान अंतरावर आहेत का ते या क्षणी पाहू नका. सगळे घालून झाले की बोटाने सारून नीट करता येतात.

मग सर्वांत महत्त्वाचं. समोरचे आरे आणि मागचे आरे दोन वेगळ्या पातळ्यांवर असतात. मध्यभागी सुई वर काढून सगळ्या आऱ्यांना एकत्र बांधणारी अधिक चिन्हासारखी फुली घाला, दोन्ही बाजूंनी घट्ट. हा झाला तुंबा.

भरणं: तुंब्याशेजारी सुई दोन आऱ्यांमधून वर काढा. एका आऱ्यावरून मागे जा, दोन आऱ्यांखालून पुढे या. पुन्हा एकावरून मागे, दोनांखालून पुढे. प्रत्येक आऱ्याभोवती धाग्याचा वळसा पडत जातो आणि आरे उठून दिसतात. आतून बाहेर, फेरीवर फेरी, कडीपर्यंत. फेरी संपताना सुईच्या टोकाने धागा तुंब्याकडे दाबा. शेवटी धागा मागे नेऊन काठाच्या टाक्यांखाली लपवा.

पहिलं बटण वाकडंच होणार. ते टाकू नका, तारीख लिहून ठेवा. माझ्या पहिल्या बटणाला अकराच आरे आहेत आणि ते अजून शिवणाच्या डब्यात वरच ठेवलेलं असतं.

माझा तुंबा नेहमी एका बाजूला सरकतो. का?

शंभरातल्या नव्वद वेळा कारण एकच: आरे घालताना वेढे मधोमध न जाता थोडे तिरके गेले, आणि फुली मात्र आरे जिथे भेटले तिथे घातली गेली. फुली घालण्याआधी थांबा. सुई आऱ्यांच्या जुडग्याखाली घालून सगळे आरे एकत्र उचला आणि कडीच्या खऱ्या मध्यावर ओढून आणा. तिथे धरून ठेवूनच फुली घाला. भरण सुरू झाल्यावर तुंबा हलत नाही, तेव्हा जे करायचं ते आधी.

उरलेल्या दहा वेळा ताण कमी-जास्त झालेला असतो. आरे विणेच्या तारेसारखे ताणलेले नकोत आणि झोपाळ्यासारखे सैलही नकोत.

धागा मधेच संपला तर?

गाठ मारू नका. जुनं टोक मागच्या बाजूला तीन-चार टाक्यांखालून न्या, नवं तिथूनच सुरू करा.

एका बटणाला वेळ किती लागतो?

पहिल्याला दोन तास. दहाव्याला तासाच्या आत. मला आता 20 मिलिमीटरचं क्रॉसव्हील करायला पस्तीस ते चाळीस मिनिटं लागतात, आणि डॉर्सेटच्या त्या बायका दिवसभरात डझनांनी बटणं करत, हे आठवलं की माझा हात आपोआप भरभर चालायला लागतो.

हाय टॉप घरी करता येईल का? शिंग कुठून आणायचं?

शिंग नको. चप्पल बनवणाऱ्या कारागिराकडे जाड चामड्याची कातरणं मिळतात. त्यातून 12 मिलिमीटरची चकती कापा, मधे भोक पाडा. लिननचा गोल तुकडा चकतीच्या अडीचपट व्यासाचा घ्या, कडेने धावदोरा घाला आणि चकती आत ठेवून ओढा. मधल्या उंचवट्यासाठी कापडाचीच घट्ट गुंडाळी भोकातून वर ढकलायची. मग खालच्या काठापासून टोकाकडे काजाच्या टाक्यांच्या फेऱ्या घालत चढत जायचं आणि प्रत्येक फेरीत टाके कमी करायचे.

हे अवघड आहे, खोटं कशाला सांगू. क्रॉसव्हील दहा-बारा झाल्याशिवाय याला हात घालू नका. पण जमलं की मोगऱ्याच्या टपोऱ्या कळीसारखं दिसतं.

धुतल्यावर खराब होतात का?

सुती आणि लिनन धाग्याची बटणं कपड्याबरोबर धुवा, काही होत नाही. अंगालगतच्या कपड्यांना आणि सदऱ्यांना ती लावली जात, ती याच कारणाने: धोपटणं, उकळणं, पिळणं सगळं सोसत आणि मऊ असल्याने टोचतही नसत. सांभाळायचं ते कडीला. लोखंडी कडी गंजते आणि पांढऱ्या धाग्यावर तपकिरी वर्तुळ उमटतं, ते जात नाही. पितळ ओलं राहिलं तर हिरवट पडतं. धुतल्यावर लगेच उन्हात टाका.

अठराव्या शतकातल्या पुरुषांच्या कोटावर चार पाकळ्यांसारखी रेशमी बटणं दिसतात. ती हीच का?

नाही. ती डेथ्स हेड नावाची वेगळी बटणं. आत लाकडाचा, वरून घुमटाकार आणि मधे भोक असलेला साचा असतो. त्याच्यावर रेशमी किंवा मोहेरचा (अंगोरा शेळीच्या केसांचा) पिळाचा धागा आधी अधिक चिन्हासारखा गुंडाळतात. मग प्रत्येक वेळी साचा पाव वळसा फिरवून नवा वेढा आधीच्याला चिकटून बसवतात. हळूहळू चार त्रिकोणी भाग तयार होतात आणि लाकूड झाकलं जातं. मागच्या बाजूला सगळे वेढे सुईने एकत्र आवळायचे.

यात घुमटावरून धागा घसरणं ही एकच मोठी अडचण आहे. साच्याच्या खालच्या काठाला मेण चोळा, खूप फरक पडतो.

या रेशमी बटणांचं मोठं केंद्र इंग्लंडमधलं मॅकल्सफील्ड हे गाव होतं. त्या कारागिरांचा धंदा टिकावा म्हणून तिथल्या पार्लमेंटने कायदेसुद्धा केले. 1698 च्या कायद्याने कोटाच्याच कापडाची बटणं करायला आणि विकायला बंदी आली, आणि 1720-21 मध्ये ती वापरण्यावरही बंदी आली. शिंप्याने उरलेल्या कापडाच्या चार बटणांसाठी दंड भरावा, इतकं या वस्तूला महत्त्व होतं. कुठल्या कोटावर कुठलं बटण हा प्रश्न म्हणूनच सोडून देण्यासारखा नाही.

त्याही आधीची, मध्ययुगातली बटणं कशी होती?

कापडाची, आणि ती करायला सगळ्यात सोपी. लंडनमध्ये बेनर्ड्स कासल इथल्या उत्खननात चौदाव्या शतकातल्या कपड्यांचे तुकडे सापडले. त्यांत एकाशेजारी एक दाट लावलेली कापडी बटणं आहेत.

कृती अशी. चार सेंटिमीटर व्यासाचा लोकरी कापडाचा गोल तुकडा. कडेने धावदोरा घालून ओढा, कापडाची वाटी होईल. कापडाचे कच्चे काठ त्या वाटीत कोंबा. तेच काठ भरण होतात, वेगळं काही घालावं लागत नाही. पुन्हा कडेने टाके घाला, ओढा, कोंबा. असं करत करत वाटाण्यापेक्षा मोठी, टणक गोळी होते. दाताखाली धरली तर दबू नये इतकी टणक. उरलेल्या धाग्यानेच देठ करून ती कपड्याच्या अगदी कडेवर शिवायची, आजच्यासारखी आत सरकवून नाही.

हे शिकवलं की आमच्याकडच्या आजी लगेच म्हणतात, ‘अगं, ही तर गुंडी!’ बरोबरच आहे. कापडाची गोळी आणि तिला अडकवायला दोऱ्याचा फासा, हे आपल्याकडच्या जुन्या शिवणातलंच काम आहे. मराठीत बटणाला गुंडी म्हणतात, गोव्यात कोकणीत पोर्तुगीजांच्या बोलीतून आलेला बुतांव आहे, आणि शिंप्याच्या तोंडी काजबटण. एका वस्तूला इतकी नावं आहेत, कारण ती वेगवेगळ्या वाटांनी आपल्या कपड्यांवर आली.

शिवकालीन किंवा पेशवाईच्या पोशाखावर डॉर्सेट बटणं लावू का? फार सुंदर दिसतील.

सुंदर दिसतील, पण लावू नका. नाटकाच्या किंवा मिरवणुकीच्या पोशाखासाठी हे मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. बाराबंदी हे नावच सांगतं की तो कपडा बंदांनी बांधायचा. अंगरख्यालाही बंद असतात, आणि काही अंगरख्यांना गळ्याशी गुंडी आणि फासा असतो. तिथे वरची कापडी गुंडी करा, अस्तराच्याच कापडाची केलीत तर पोशाखात मिसळून जाईल. बंद शिवायचे असतील तर ते सरळ धाग्यात कापा, म्हणजे ताणले जाणार नाहीत.

डॉर्सेट बटण हवंच असेल तर ते आजच्या कपड्यावर लावा. लिननच्या कुर्त्याला, बाळाच्या स्वेटरला, पिशवीच्या झाकणाला. तिथे ते कुणालाही फसवत नाही.

जुनं बटण हाती आलं तर आतलं काम पाहायला ते उलगडावं का?

कृपा करून नको. इंग्लंडमध्ये जुन्या वस्तूंच्या बाजारात मला पुठ्ठ्यावर शिवलेली सहा बटणं मिळाली होती. त्यातल्या एकाची भरण कशी केली आहे ते कळेना, म्हणून मी एका संध्याकाळी ते उसवलं. टाका कळला. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी घातलेला तो धागा हातात तुटत गेला आणि उरलं ते कडी आणि चिमूटभर धूळ. त्या बाईचं नाव कुठेच नाही. तिची खूण म्हणजे ते बटण होतं. ती कडी मी जपून ठेवली आहे आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते.

उलगडण्याऐवजी भिंग घ्या. मागची बाजू पाहा, तिथे वाट दिसते. मोबाइलने तिरप्या उजेडात फोटो काढा आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. आरे मोजा, फेऱ्या मोजा, व्यास लिहा. मग तसंच नवं करून पाहा आणि जुन्याशेजारी ठेवा. तीन-चार प्रयत्नांत टाका सापडतो.

मी डावखुरी आहे. जमेल का?

जमेल. शिकवणाऱ्याच्या शेजारी न बसता समोर बसा, म्हणजे आरशातल्यासारखं दिसेल. तुमची भरण उलट्या दिशेने फिरेल, बटण तेवढंच चांगलं होईल.

मला इतरांना शिकवायचं आहे. सुरुवात कशी करू?

पाच-सहा जणांपेक्षा जास्त घेऊ नका. मढवताना प्रत्येकाचा अंगठा जवळून पाहावा लागतो, आणि वीस जणांत ते होत नाही. मी एकदा एका संस्थेच्या मेळाव्यात तीस जणांना शिकवायला उभी राहिले होते. माइक दिला होता, पण उजेड नव्हता. दोन तासांत चारच बटणं पूर्ण झाली आणि बाकीची मंडळी हिरमुसून गेली. तेव्हापासून आमच्याकडे खिडकीजवळचं टेबल आणि मोजकी माणसं.

पहिल्या दिवशी 25 मिलिमीटरची कडी आणि फिक्या रंगाचा धागा द्या. काळ्या धाग्यावर टाके दिसत नाहीत. मढवलेली एक कडी, आरे घातलेली एक आणि अर्धी भरलेली एक, अशा तीन कड्या नमुन्याला ठेवा. तोंडाने सांगण्यापेक्षा अर्धवट कडी हातात दिली की लोकांना पटकन उमगतं. दहा वर्षांच्या पुढची मुलं सहज शिकतात.

आणि ज्यांना चाळीस वर्षं शिवणाची सवय आहे, त्यांच्याकडून तुम्हीही शिका. धागा जिभेवर न ओलवता मेणावरून ओढायची सवय मला आमच्या गटातल्या एका निवृत्त शिवणशिक्षिका काकूंनी लावली.

नमुने कुणाच्या मालकीचे आहेत? बटणं विकली तर चालेल का?

क्रॉसव्हील, बर्ड्स आय हे जुने नमुने सगळ्यांचे आहेत. आजच्या एखाद्या कारागिराने स्वतः रचलेला नमुना असेल तर त्यांना विचारा आणि नाव द्या. विकायची असतील तर विका, पण तासाची मजुरी धरूनच किंमत लावा. फुकटाच्या भावात विकलीत तर शेजारी बसून तेच करणाऱ्या दुसरीचं नुकसान होतं. आणि नवं बटण जुनं म्हणून कधीही देऊ नका. मागे बारीक अक्षरांत साल लिहिलेली चिठ्ठी जोडा.

दूर राहणाऱ्यांना तुमच्या गटात भाग घेता येईल का?

येईल, अदलाबदलीत. दिवाळीनंतर आम्ही प्रत्येकी बारा बटणं करतो, एकाच नमुन्याची, आणि बारा जण एकमेकांना पाठवतात. प्रत्येकाकडे बारा हातांची बारा बटणं जमतात. नागपूर, बेळगाव, न्यू जर्सीहूनही पाकिटं येतात. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बटणं शिवा, खाली कडीचा व्यास, धाग्याचा नंबर, आऱ्यांची संख्या आणि तुमचं गाव लिहा. जाड पाकिटात दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवा, नाहीतर पोस्टाच्या शिक्क्याखाली तुंबा चेपतो. गुलाबी पुठ्ठा मिळाला तर तोच घ्या.